शून्य न लिहिणारे इवाई

एखादी गोष्ट 'मुळीच नाही' असं एकदाही न म्हणता सत्तर वर्षं काढलेला माणूस या पृथ्वीवर एकच होऊन गेला, आणि तो आमचा इवाई होता. व्याह्याला आमच्या सौसर-पांढुर्ण्याकडं इवाई म्हणतात आणि विहिणीला इहीन. माझ्या मुलाला त्यांची मुलगी दिलेली, म्हणून मी त्यांची इहीन. बायकोनं आतून विचारावं, "अवो, दूध सरलं काय?" तर हे दुधाचा गंज उचलून खिडकीशी नेणार, तिरपा करून पाहणार आणि सांगणार, "चहापुरतं दिसत नाही." लोधीखेड्याच्या थांब्यावर कोणी विचारलं, "भाऊ, बस गेली काय?" तर "मी आल्यापासून गेली नाही. मी आलो सव्वानऊले. त्याच्या आधीचं मले इचारू नका." विचारणारा बिचारा 'नाही गेली' एवढ्या दोन शब्दांसाठी थांबलेला असायचा, तो पुढच्या माणसाकडं जायचा. त्यांच्या लग्नात म्हणे भन्तेजींनी विधी संपताना काही राहिलं का असं सहज विचारलं, तर नवरदेवानं उत्तर दिलं, "माझ्या ध्यानात येण्यासारखं काही नाही राह्यलं." ही गोष्ट त्यांच्या बायकोनंच मला सांगितली, आणि सांगताना कपाळावर हात मारून घेतला.

हा नुसता स्वभाव नव्हता, धंदाही होता. सोयरीक होण्याआधी सहा वर्षं ते माझे साहेब होते. सौसरला एका संस्थेची पाणी तपासायची लहानशी प्रयोगशाळा होती. आता ती बंद झाली. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण पुढं जी चूक येणार आहे ती माझी आहे, दुसऱ्याच्या पाटीवर कशाला चिखल उडवू. गावोगावच्या विहिरी, बोअर, हातपंप यांचं पाणी तिथं यायचं आणि इवाई त्यात काय काय विरघळलंय ते शोधायचे. लोह, जस्त, शिसं. एका लिटरात मिलिग्रॅमचा कितवा भाग, असा तो हिशेब. आता आमचं मशीन जुनं. एका हद्दीच्या खालचं त्याला दिसतच नसे. दुसरा कोणी असता तर वहीत शून्य टाकून मोकळा झाला असता. हे प्रत्येक ठिकाणी लिहायचे, '०.०५ पेक्षा कमी'. पानंच्या पानं. पुऱ्या सौसरात त्यांना 'पेक्षाकमी साहेब' म्हणत, आणि त्यांना ते माहीत होतं.

एकदा मी त्यांना शहाणपण शिकवायला गेले. म्हटलं, "साहेब, एवढी अक्षरं काहून लिहिता? एक गोल काढला की काम झालं." त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि मला खिडकीशी बोलावलं. "बाई, इथून तुमाले पांढुर्ण्याच्या स्टेशनावरचा माणूस दिसते काय?"

"इथून कसा दिसंल, साहेब?"

"मंग पांढुर्ण्यात माणूस नाही असं लिहून टाकू?"

मी हसले. मला वाटलं, म्हातारा विनोद करून राहिला. तेव्हा मी जरा शहाणी असते तर पुढचं काही घडलं नसतं. पण तेव्हाची मी म्हणजे काय सांगू! मुलं मोठी झाल्यावर एक्कावन्नाव्या वर्षी घराबाहेर पडलेली, कॉलेजच्या पोट्ट्यापोट्टींच्या रांगेत बसून कम्प्युटरचं प्रमाणपत्र मिळवलेली, आणि ते प्रमाणपत्र काचेत मढवून दारासमोरच टांगलेली बाई. पांढुर्ण्याहून सौसरला बसनं यायची तर पर्स मांडीवर अशी धरायची की जणू आत कम्प्युटरच आहे. चष्म्याला साखळी लावली होती. नजर चांगली होती, साखळी शोभेची. शेजारणींना सांगायची, "माझ्याशिवाय हापीस चालत नाही." चालत होतं. मी येण्याआधी बावीस वर्षं चाललं होतं.

इवायांची मुख्य खोड म्हणजे त्यांची कोरी बाटली. पाण्याचे नमुने आणायला निघाले की पिशवीत रिकाम्या बाटल्या असायच्याच, पण एक बाटली ते इथूनच भरून न्यायचे. शुद्ध केलेलं, डाग नसलेलं पाणी. ती बाटली प्रवासाला यायची, हातपंपाजवळ पोचल्यावर तिचं झाकण क्षणभर उघडायचे, परत लावायचे, आणि तेच पाणी सौसरला आणून इतर नमुन्यांसारखंच तपासायचे. बसमध्ये ती खिडकीपाशी बसे आणि साहेब तिच्या शेजारी. एकदा तिगावला जाताना कंडक्टरनं अडवलं.

"हे काय हाय जी?"

"पाणी."

"कुठून आणलं?"

"सौसरहून."

"नेऊन कुठं राहिले?"

"तिगावकडं. मंग वापस सौसरले."

कंडक्टरनं बाटलीकडं पाहिलं, साहेबांकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. "म्हणजे इले फिराले नेऊन राहिले?"

"हो," इवाई गंभीरपणे म्हणाले.

मी लाजेनं खिडकीबाहेर संत्र्याची झाडं मोजत बसले. उतरल्यावर म्हटलं, लोक हसतात. तर म्हणाले, "हसू द्या. नमुन्यात घाण सापडली तर ती पाण्याची का आपल्या हाताची, हे सांगाले साक्षीदार लागते ना? दुसऱ्याच्या विहिरीवर बोट दाखवण्याआधी आपण सोबत काय घेऊन आलो ते पाहा लागते, बाई."

आणि साक्षीदारानं एकदा साक्ष दिलीच. कोऱ्या बाटलीत जस्त निघालं. तीन दिवस इवायांना जेवण गेलं नाही. बाटल्या बदलल्या, झाकणं बदलली, नळ्या धुतल्या, छताचे पोपडे खरवडून पाहिले. प्रत्येक बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची हा त्यांचा नियम होता, तो त्यांनी पाचदा केला. चौथ्या दिवशी ते माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले आणि माझ्या मानेकडं टक लावून पाहू लागले. एक्कावन्नाव्या वर्षी बाईच्या मानेकडं कोणी टक लावून पाहिलं तर काय वाटतं ते मी इथं लिहीत नाही. पदर सावरला. तर म्हणाले, "बाई, तुम्ही घामोळ्याची पावडर लावता काय?" लावत होते. मे महिना, पत्र्याखालचं ऑफिस, मानेला अर्धा डबा थापून येत होते, आणि बाटल्यांना लेबलंही मीच चिकटवत होते. त्या पावडरीत जस्त असतं म्हणे. इवायांचा चेहरा असा उजळला जसा पेपर सुटलेल्या पोराचा. मी मात्र आठ दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. पुऱ्या प्रयोगशाळेतली एकमेव घाण म्हणजे मी, हे शास्त्रानं सिद्ध झालं होतं.

त्याच साली तिगावच्या बाजूच्या एका वस्तीचं पाणी आमच्याकडं आलं. वस्तीचं नाव नको. वीस-पंचवीस घरं, मजुरी करणारी माणसं, एक हातपंप, आणि त्या पंपाला लागून अंगणवाडी. वस्तीच्या वरच्या अंगाला टिनाच्या आडोशात कोणीतरी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायचा धंदा मांडला होता. आम्ही गेलो तेव्हा अंगणवाडीताईनं दारात काळ्या चौकोनी डब्यात कोथिंबीर लावली होती. इवाई पंप सोडून त्या डब्यासमोर उकिडवे बसले.

"ताई, हा डबा कुठला?"

"वरच्या टिनातला जी. फेकून देतात ते. बॅटरीचं खोकं. मस्त हाय ना? पाहा कोथिंबीर कशी फुगून राहिली!"

"ही खाऊ नका."

"अव माय! मंग काय पाहाले लावली?"

"उपटून टाका."

"साहेब," ताई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही पाणी तपासाले आले का भाजीत नाक खुपसाले?"

शेवटी इवाई तो डबाच उचलून घेऊन आले. परतीच्या बसमध्ये खिडकीशी कोरी बाटली, मांडीवर कोथिंबीर. कंडक्टर तोच होता. या खेपेस त्यानं काही विचारलं नाही, नुसते हात जोडले.

पाणी तपासलं. मशीनला शिसं दिसलं नाही. इवायांनी वहीत लिहिलं, '०.०५ पेक्षा कमी', आणि त्याखाली लाल शाईत एक ओळ: 'येथे आमचे यंत्र पुरेसे नाही, नमुना नागपूरला बारीक तपासणीस बोलवावा.' आता यातली गोम सांगते, कारण माझी सगळी फजिती त्यातच आहे. पिण्याच्या पाण्यात शिसं चालतं ते एका लिटरात मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत. आमचं मशीन विसाव्या भागाखाली आंधळं. म्हणजे पाणी चालणाऱ्या मर्यादेच्या चौपट विषारी असलं तरी आमच्या मशीनला दिसणार नाही. 'पेक्षा कमी' म्हणजे पाणी चांगलं आहे असं नव्हे. 'पेक्षा कमी' म्हणजे मला इथून दिसत नाही, चांगल्या डोळ्याचा कोणी बोलवा. ती वही म्हणजे त्या माणसाची हाक होती.

आणि ती हाक नागपूरला पोचवायचं काम कम्प्युटरवाल्या बाईकडं होतं.

नागपूरच्या मोठ्या ऑफिसनं एक नवा तक्ता पाठवला होता. त्यात आकडे भरायचे, महिन्याच्या महिन्याला. शिशाच्या रकान्यात मी '०.०५ पेक्षा कमी' असं टाकलं तर रकाना लाल झाला. पुन्हा टाकलं, पुन्हा लाल. त्याला आकडा हवा होता, अक्षर चालत नव्हतं. शेऱ्यासाठी जागाच नव्हती. साहेबांना विचारायला उठणार होते. पण मग म्हणावं लागलं असतं की मला हे येत नाही. काचेतलं प्रमाणपत्र समोर होतं. मी शून्य टाकलं. रकाना हिरवा झाला. इतकं बरं वाटलं! सगळ्या गावांसाठी शून्य टाकत गेले. तक्ता असा हिरवागार दिसू लागला की कोणालाही वाटावं, काय निर्मळ मुलूख आहे. छापील तक्ता सहीसाठी साहेबांपुढं ठेवला. त्यांचा विश्वास वहीवर. तक्ता म्हणजे वहीचीच नक्कल, असं समजून त्यांनी न वाचता सही केली. असे आठ महिने गेले.

आठ महिने इवाई वाट पाहत होते की नागपूर त्या वस्तीचा नमुना कधी बोलावतं. दोनदा पत्र लिहिलं. तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा पलीकडून उत्तर आलं, की तुमच्याच तक्त्यात तिथं शिसं शून्य आहे, शून्य असलेली ठिकाणं यादीतून काढली आहेत. त्यांनी फोन ठेवला, कपाटातून तक्त्यांच्या प्रती काढल्या आणि उभ्यानं वाचल्या. मग माझ्याकडं आले.

"बाई, हे शून्य कसे आले?"

आवाज चढला नव्हता. चढला असता तर मी खरं बोलले असते, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत राहिले. मी म्हटलं, "कम्प्युटरनं टाकले असतील, साहेब."

"कम्प्युटरनं."

"तो अक्षर घेत नाही ना. त्यानंच टाकले."

त्यांनी मान हलवली. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "एक पत्र लिहा." ते सांगत गेले आणि मी टाइप करत गेले. 'माझ्या सहीने गेलेल्या आठ महिन्यांच्या तक्त्यांमधील शिशाचे सर्व आकडे चुकीचे आहेत. सही करताना मी तक्ते वाचले नाहीत. याची जबाबदारी माझी आहे. या वस्तीचा नमुना मी आजच स्वतः घेऊन येत आहे.' माझं नाव त्या पत्रात कुठंच नव्हतं, कम्प्युटरचंही नव्हतं. मी एकही चूक न करता ते पत्र टाइप केलं. इतकं शुद्ध टायपिंग मी आयुष्यात केलं नाही.

तुम्हाला वाटेल, पत्रानं काय जातं. तर त्याच महिन्यात नागपूरला नवं मशीन येणार होतं, शंभराव्याच नव्हे तर हजाराव्या भागापर्यंत पाहणारं, आणि ते चालवायला इवायांना बोलावणार हे ठरल्यासारखं होतं. त्या मशीनचं माहितीपत्रक त्यांनी डब्याच्या पिशवीत जपून ठेवलं होतं. जेवताना उघडून बघायचे, नातवाचा फोटो बघावा तसे. पत्र गेल्यावर तिकडून समज आली. न वाचता सही करणाऱ्याच्या हाती एवढं नाजूक यंत्र देता येत नाही, असं त्यात होतं. मशीन आलं, दुसरा माणूस गेला. इवायांनी माहितीपत्रक माझ्याकडं दिलं आणि म्हणाले, "मागची बाजू कोरी हाय. रफ कामाले येईल." मी ते पर्समध्ये ठेवलं, आणि पर्स मांडीवर धरून पांढुर्ण्यापर्यंत रडत आले. पण बोलले नाही.

नमुन्याचं उत्तर आठवड्यात आलं. मर्यादेच्या तिप्पट. आमच्या मशीनच्या नजरेखाली, आणि लेकरांच्या सोसण्याच्या वर. पंपाचा दांडा काढला, लाल रंग मारला, टँकर लागला, पुढं नळ आला. बॅटऱ्यांचं टिनही उठलं. पण त्याआधी अंगणवाडीताई सौसरला आली. नवं लुगडं नेसून, जसं कोणी कचेरीत जातं तसं.

"साहेब, आठ महिने लेकरं हेच पाणी पेले. माही स्वतःची दोन हायेत त्यात. आता काय होईन?"

"मले नाही सांगता येत, ताई."

"काही होणार नाही असं म्हणा ना जी."

मी टेबलाआडून मनात म्हणत होते, म्हणा हो साहेब. एकदा म्हणा. खोटं तर खोटं. मी असते तर चारदा म्हटलं असतं, वर चहा पाजला असता. इवायांनी लेखणी खाली ठेवली. मग म्हणाले, "तसं म्हणाले मी पाहिलं पाहिजे. पाहिल्याबिगर नाही म्हणणार. उद्या सगळ्या लेकराईले घेऊन नागपूरले चाला, रक्त तपासू. मी येतो."

ताई संतापली. "एवढा शिकेल माणूस, अन् धीराचा एक बोल नाही तोंडात!" असं म्हणून निघून गेली. दुसऱ्या दिवशी मात्र सकाळच्या गाडीला तिगाव स्टेशनात सतरा लेकरं घेऊन उभी होती. इवाई गेले. दोन लेकरांच्या रक्तात शिसं वाढलेलं निघालं. एक ताईचंच होतं. त्यानंतर वर्षभर, दर तीन महिन्यांनी, ते त्या दोघांना घेऊन नागपूरला जात राहिले. आकडा उतरत गेला. डॉक्टरांनी 'आता हरकत नाही' म्हटलं तेव्हाही इवायांनी कागद मागून घेऊन आकडा स्वतः वाचला, मगच ताईला म्हणाले, "ताई, आता म्हणतो. घोर करू नको." त्या दिवाळीत ताई प्रयोगशाळेत कोथिंबीर घेऊन आली. मातीच्या कुंडीत लावलेली. "माती नदीकाठची हाय जी," तिनं आधीच सांगून टाकलं, "पाहिजे तर तपासून घ्या." इवायांनी कुंडी घेतली आणि, खोटं कशाला सांगू, तपासलीही.

पुढं काही वर्षांनी माझ्या मुलानं त्यांची मुलगी पसंत केली. दोघं नागपूरला शिकायला होते, आम्हाला नंतर कळलं. पाहुण्यांची रीत म्हणून मी लोधीखेड्याला त्यांच्या घरी गेले. चहा आला, पोहे आले, त्यांच्या नात्यातल्या दोन म्हाताऱ्या बायकाही आल्या. त्यातल्या एकीनं मध्येच विचारलं, पोरीत काही खोड तर नाही ना. हा प्रश्न मुलाकडच्यांनी विचारायचा, पण तिला धीर नव्हता. वधूपिता म्हणाले, "मले आढळली नाही. पण मी बाप होय, माझ्या मोजण्याले हद्द हाय." आतून त्यांच्या बायकोनं कपाळावर हात मारल्याचा आवाज बाहेर ऐकू आला. सगळे हसले. मला हसू येईना. ज्या माणसानं आपल्या लेकीबद्दलसुद्धा शून्य लिहिलं नाही, त्याच्या घरात मी ते जुनं खोटं घेऊन सोयरी म्हणून शिरणार होते.

मी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि म्हटलं, "साहेब, नातं जोडण्याआधी एक सांगते. ते शून्य कम्प्युटरनं नव्हते टाकले. मी टाकले होते."

बाकी कोणाला काही कळलं नाही. इवायांनी पाण्याचा पेला उचलला, तीनदा विसळला, भरून माझ्यापुढं ठेवला.

"मले माहीत होतं."

"कवापासून?"

"त्याच दिवशीपासून. कम्प्युटर आपल्या मनानं शून्य टाकत नाही, बाई. तेवढा शहाणपणा माणसालेच येते."

"मंग माझं नाव काहून नाही घेतलं?"

"सही माझी होती. न वाचता केली, हे खरं होतं. तेवढं मी लिहिलं. तुमचं तुम्ही लिहाल म्हणून जागा सोडली."

"एवढी वर्षं?"

"मोजाले बसलो नाही." मग म्हणाले, "नमुना स्वतःच्या पायानं तपासाले येत नाही कधी. तुम्ही आल्या. पोरगी देतो तुमच्या घरात." आणि जरा वेळानं, पोहे संपल्यावर, "पावडर लावणं सुटलं काय पण?"

इहीन झाल्यावर मी ठरवलं, या माणसाला ते मशीन दाखवायचं. एव्हाना प्रयोगशाळा बंद झाली होती, इवाई निवृत्त होते, मोतीबिंदूचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. नाही-नाही म्हणत, म्हणजे त्यांच्या भाषेत 'जाण्याइतकं कारण दिसत नाही' म्हणत, शेवटी निघाले. गाडीत बसल्यावर पिशवीतून काय निघालं? कोरी बाटली. घरच्या घरी शुद्ध केलेलं पाणी भरून आणलं होतं. खिडकीची जागा तिची. मी या खेपेस संत्र्याची झाडं मोजली नाहीत. बाटलीच्या पलीकडं सरकून बसले, तिला ऊन लागू नये म्हणून.

नागपूरला मशीनवर एक तरणी पोरगी होती. मी तिला बाजूला घेऊन थोडंसं सांगितलं. तिनं काही न विचारता इवायांना आत बोलावलं, त्यांच्या खांद्यावर पांढरा कोट चढवला आणि म्हणाली, "काका, बाटली द्या." इवायांनी झाकण स्वतः उघडलं. मशीन गुरगुरलं. ते हात पाठीमागं बांधून उभे होते, शाळेत तपासणीला साहेब आल्यावर मास्तर उभे राहतात तसे. पोरीनं कागद काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो चांगल्या डोळ्याजवळ नेला. मला वाटत होतं, या माणसाला जन्मात एकदा तरी, निदान याच्या स्वतःच्या पाण्यात, शून्य बघायला मिळो.

कागदावर होतं, '०.००१ पेक्षा कमी'.

इवाई हसू लागले. असे हसले की त्या पोरीनं खुर्ची पुढं केली. "पाह्यलं काय, इहीनबाई? यालेही हद्द हाय! एवढं मोठं मशीन, अन् हेही तसंच म्हणून राहिलं!" डोळे पुसले, कागदाची घडी घालून खिशात ठेवली. परतीच्या प्रवासात पांढुर्ण्यापर्यंत एवढंच बोलले. "मी त्या मशीनवर नाही आलो, तरी काही अडलं नाही. माझ्याबिगर बी त्यानं खरंच लिहिलं."

ते मला बरं वाटावं म्हणून बोलले का, मला सांगता येत नाही.

संत्र्याच्या गेल्या आंबिया बहाराच्या आधी ते गेले. झोपेतच, दुसऱ्या डोळ्याची तारीख ठरलेली असताना. पुण्यानुमोदनाला अंगणवाडीताई आली होती, आणि तिच्या मागं एक उंच जवान पोरगी. ताईनं ओळख करून दिली नाही, नुसतं तिला पुढं केलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. नागपूरला जाणाऱ्या त्या दोघांतली ही एक.

कोरी बाटली सूनबाईनं माझ्या कपाटात ठेवली आहे, शेवटची भरलेली, झाकण घट्ट. परवा नातीनं ती खाली काढली. आठ वर्षांची आहे. प्रत्येक वस्तू उजेडात धरून बघायची खोड कुठून आली ते सांगायला नको. खिडकीशी नेली, तिरपी केली, एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.

"आजी, यात काहीच नाही?"

"काहीच—" एवढं बोलले आणि थांबले. चष्म्याची साखळी आता शोभेची राहिली नाही. चष्मा लावला, तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि बाटलीतून पलीकडचं ऊन पाहिलं.

"मले दिसण्याइतकं नाही, बाई."